बटण, ओठ, दात
(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कलमं सांगणार आहे. कलमं ऐकायला रटाळ वाटतात हे मला ठाऊक आहे. कुणाला डुलकी लागली तर शेजारच्यानं कोपर मारावं. कारण वस्तीतलं पोरगं आत जातं ते कलमावर, आणि बाहेर येतं तेही कलमावरच. मधल्या काळात आईच्या कानातलं गेलेलं असतं, बापानं सावकाराकडून उचल घेतलेली असते आणि बहिणीचं कॉलेज सुटलेलं असतं.

विषय एका ओळीचा आहे. दारू प्यालेल्या माणसानं पोलिसाच्या अंगावर हात टाकला तर पुढं काय होतं? ३१ डिसेंबरची रात्र घ्या, वरात घ्या, जयंतीची मिरवणूक घ्या, नाकाबंदी घ्या, नाहीतर गल्लीतलं भांडण मोडायला आलेली गाडी घ्या. प्रसंग बदलतो, गोष्ट तीच. आणि आपली पोरं ती गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. ‘फौजदाराची कॉलर धरली होती आपण!’ धरली असशील बाबा. पण कॉलर सोडल्यानंतरचं कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

समजा, १४ एप्रिलची रात्र आहे. लाऊडस्पीकरवर रात्री १० ते सकाळी ६ बंदी, असा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. समजा सूट आहे, पण बाराही वाजून गेलेत. हवालदार डीजेवाल्याला म्हणतो, बंद कर. २२ वर्षांचं पोरगं पुढं येतं. पोटात दोन क्वार्टर. हवालदाराची कॉलर धरतं, ओढतं. शर्टाचं एक बटण तुटतं. बस, एवढंच. रक्त नाही, जखम नाही.

या बटणाची किंमत ऐका. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या काळातला भारतीय दंड संहिता, १८६० हा कायदा गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. जुन्या पोरांना ‘तीनशे त्रेपन्न’ पाठ होतं. आता त्याचं कलम १३२ झालं. सरकारी नोकर आपलं कर्तव्य बजावत असताना त्याच्यावर हमला करणं किंवा फौजदारी बळ वापरणं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. गुन्हा अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. चौकीवर हक्कानं मागता येत नाही, कोर्टाच्या मर्जीवर मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. पण गरिबासाठी ‘कोर्टाच्या मर्जीवर’ या तीन अक्षरांचा, माफ करा, या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणता. वकील पाहिजे, जामीनदार पाहिजे, जामीनदाराकडं सातबारा नाहीतर पगाराची स्लिप पाहिजे. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही त्यानं तो कुठून आणायचा?

आपल्या महाराष्ट्रात तर २०१८ साली या ३५३ ची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली होती आणि खटला सत्र न्यायालयात नेऊन ठेवला होता. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या घटना अजून जुन्या कायद्यानंच चालतात. म्हणजे ज्यांच्या तारखा तेव्हापासून चालू आहेत त्यांच्या डोक्यावर पाच वर्षांचीच टांगती तलवार आहे, हे त्यांना सांगा.

आता बटणावरून पुढं जाऊ. पोराचा हात हवालदाराच्या तोंडाला लागला. ओठ फुटला. झालं, कलम बदललं. कलम १२१, पोटकलम एक. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी किंवा तो काम करत असताना दुखापत. पाच वर्षांपर्यंत. आणि ओठाच्या मागचा दात तुटला तर? दात तुटणं, हाड मोडणं याला कायदा ‘जबर दुखापत’ म्हणतो. मग कलम १२१, पोटकलम दोन. एक वर्षापेक्षा कमी नाही, आणि दहा वर्षांपर्यंत. इथं न्यायाधीशाला वाईट वाटलं तरी वर्षाच्या खाली येता येत नाही. खटला सेशनला.

बटण दोन वर्षं, ओठ पाच वर्षं, दात दहा वर्षं. हातात तोच हात, पोटात तीच दारू. कुठं लागतं ते नशेत कुणाच्या ताब्यात असतं? म्हणून म्हणतो, हे गणित हात उचलायच्या आधी करायचं असतं. आणि समोर महिला पोलीस असेल आणि तिच्या अंगचटीला गेल्याचं लिहिलं गेलं, तर कलम ७४ वेगळं. तिथंही एका वर्षापेक्षा कमी शिक्षा नाही.

अजून एक. ड्युटी संपली, हवालदार दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत भाजी घेतोय, आणि पोरानं रात्रीचा राग काढला. पोराला वाटतं, आता कुठं वर्दी आहे! पण कलम १३२ सांगतं की सरकारी नोकरानं केलेल्या कामाच्या परिणामी हल्ला केला तरी गुन्हा तोच. वर्दी अंगावर नसली तरी कलम अंगावर येतं. आणि हे फक्त पोलिसाचं नाही. तलाठी, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, एसटीचा कंडक्टर, सगळे यात येतात.

आता कोर्टातला सगळ्यात आवडता डायलॉग. ‘साहेब, मला काय बी आठवत नाय, मी प्यालो होतो.’ पोराला वाटतं, हे ऐकून साहेब विरघळेल. उलट होतं. तू प्यालास हे तूच कबूल केलंस आणि सुटकाही झाली नाही.

न्याय संहितेचं कलम २३ आणि २४ बघा. जुनं ८५ आणि ८६. कलम २३ म्हणतं, नशेत असताना कृत्याचं स्वरूप कळण्याची ताकदच उरली नव्हती, आणि ती नशा तुला नकळत किंवा तुझ्या मर्जीविरुद्ध दिली गेली होती, तरच गुन्हा नाही. म्हणजे कुणी सरबतात काही मिसळलं, धरून पाजलं, तर. तू स्वतः गुत्त्यावर गेलास, पैसे मोजलेस, ग्लास तोंडाला लावलास, तर हे दार बंद. कलम २४ म्हणतं, स्वतःहून प्यालेल्या माणसाला शुद्धीवरच्या माणसाला जितकी जाणीव असते तितकीच जाणीव होती असं धरून चालायचं. तुझी शुद्ध गेली होती, पण कायद्याच्या कागदावर तू शुद्धीत आहेस.

१९५६ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला झाला. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार लग्नाला गेला. भरपूर प्यालेला. जेवायच्या वेळी एका पोराला म्हणाला, बाजूला सरक, मला बसू दे. पोरगा सरकला नाही. यानं पिस्तूल काढलं आणि पोटात गोळी घातली. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं मेलं. जागेवरून! कोर्टानं म्हटलं, जाणीव ही शुद्धीवरच्या माणसाइतकीच धरायची. हेतूच्या बाबतीत नशा किती होती ते बघायचं. माणूस इतका बुडालेला होता का की हेतू धरण्याचीच ताकद नव्हती? हा माणूस झोकांड्या देत होता, असंबद्ध बोलत होता, पण आपल्या पायांनी चालत होता, बोलत होता. म्हणून सुटका नाही. जन्मठेप कायम राहिली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षं भारतातल्या कोर्टांत दारूचा बचाव आला की हा खटला बाहेर निघतो. जो माणूस चालत पोलिसापर्यंत गेला, बरोबर त्याचीच कॉलर धरली आणि तोंडानं शिव्याही दिल्या, त्याला ‘हेतूच नव्हता’ हे सिद्ध करणं किती जड आहे ते यावरून ओळखा.

शिवाय पिण्याचं कलम वेगळं लागतं. सार्वजनिक जागी प्यालेल्या अवस्थेत त्रास दिला तर न्याय संहितेचं कलम ३५५. चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. हे किरकोळ. त्याच्या जोडीला १९४९ चा दारूबंदी कायदा, त्याचं कलम ८५, दारू पिऊन गोंधळ. गाडीवर असशील तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि पोलीस तुला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढून घेऊ शकतात. दारूबंदी कायद्याच्या १२९-अ मध्ये तशी सोय आहे. तू हातपाय झाडलेस तर लागेल तेवढा जोर लावून काढू शकतात, आणि हातपाय झाडल्याचं अजून एक कलम लागतं.

रक्तावरून आठवलं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला एका बड्या बिल्डरच्या अल्पवयीन पोरानं महागड्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर चिरडले. काही तासांत बाल न्याय मंडळानं जामीन दिला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढं रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण एवढं सगळ्या देशानं पाहिलं की कुणाचं रक्त बाटलीत जसंच्या तसं राहतं आणि कुणाच्या रक्तासाठी धावपळ होते. आपल्या पोराचं रक्त कुणी बदलत नाही दोस्तांनो. आपलं रक्त नेहमी खरं निघतं.

आता दुसरी बाजूही नीट ऐका. कारण पोलीस कधी कधी हात न उचलताच १३२ लावतात. हा आपला रोजचा अनुभव आहे. तेव्हा गुन्हा कशानं होतो आणि कशानं होत नाही हे पाठ असलं पाहिजे.

नुसत्या शब्दांनी ‘हमला’ होत नाही. कायद्याच्या व्याख्येतच तसं लिहिलंय, कलम १३०. हात उगारला, अंगावर धावून गेला, समोरच्याला आता मारतोय असं वाटलं, तर हमला. शब्द त्या हावभावाला अर्थ देऊ शकतात, पण एकटे शब्द हमला नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली मानिक तनेजा खटल्यात बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका लिहिणाऱ्यावरचा ३५३ रद्द केला. लिहिणं म्हणजे बळ वापरणं नव्हे. तेव्हा ‘साहेब, कुठल्या कलमाखाली अडवता?’ हे विचारणं गुन्हा नाही. नंबर विचारणं, छातीवरची नावाची पट्टी वाचणं गुन्हा नाही. पण हे विचारताना तोंडाला वास येत असेल, पाय लटपटत असतील, तर तुझा कायदेशीर प्रश्नसुद्धा पंचनाम्यात ‘हुज्जत घातली’ म्हणून जातो. शुद्धीवर विचारलेला प्रश्न आणि नशेत विचारलेला प्रश्न कागदावर एकसारखा उतरत नाही.

कुणी विचारेल, त्यानंच आधी काठी मारली, मग मी काय करायचं? स्वसंरक्षणाचा हक्क नाही का? आहे. पण कलम ३७ वाचा. सरकारी नोकर सद्भावनेनं, आपल्या पदाच्या अधिकारात काही करत असेल, तर त्याचं करणं काटेकोर कायद्यात बसत नसलं तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. अपवाद एकच. मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हक्क मिळतो. आणि तेव्हाही जीव वाचवायला लागेल तेवढंच. आता सांगा, ही ‘वाजवी भीती’ दोन क्वार्टर रिचवलेला माणूस कोर्टाला कशी पटवणार? त्याच्या बाजूनं साक्ष देणारेही प्यालेलेच असतात.

सगळ्यात घातक शब्द एफआयआरच्या शेवटी असतात. ‘व इतर वीस ते पंचवीस इसम.’ एकानं कॉलर धरली, पण पाच किंवा जास्त जण असले की बेकायदेशीर जमाव, कलम १८९. जमावाच्या समान उद्देशातून एकानं गुन्हा केला तर प्रत्येक जण दोषी, कलम १९०. मग पहाटे तीनला वस्तीत गाड्या येतात. दारं लाथेनं उघडतात. जो प्याला नव्हता, जो मिरवणुकीत नव्हता, जो रात्रपाळी करून नुकता झोपला होता, तो उचलला जातो. कारण ‘इतर’ या शब्दात कुणाचंही नाव बसतं. एका पोराच्या नशेची किंमत अशी अख्खी गल्ली मोजते. ही फुशारकी मग कुणाच्या जिवावर मारली?

आणि केस मिटवतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. १३२ आणि १२१ आपसात मिटणारी कलमं नाहीत. हवालदार स्वतः म्हणाला ‘जाऊ द्या’ तरी तो मागं घेऊ शकत नाही. रद्द करायची तर हायकोर्टातच जावं लागतं.

पुढचं आयुष्य बघा. पोरगा पोलीस भरतीला, रेल्वेला, बँकेला अर्ज भरतो. फॉर्मवर प्रश्न असतो, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय? ‘हो’ लिहिलं तर भीती, ‘नाही’ लिहिलं तर लबाडी. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं की माहिती खरी द्या, लपवली तर त्यावरूनच नोकरी जाऊ शकते. तेव्हा खरं लिहा. पासपोर्ट कायद्यात, १९६७ च्या, खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारण्याची तरतूद आहे, कोर्टाची परवानगी आणावी लागते. आखाती देशात वेल्डर म्हणून जायचं स्वप्न तिथंच अडतं. एका केसला दुसरी जोडली की तडीपारीची नोटीस, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ५६, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. आपल्याच वस्तीत, आपल्याच आईच्या दारात पाय ठेवणं गुन्हा.

तुरुंगाचा आकडा सांगतो. २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. आणि कच्च्या कैद्यांमध्ये दर पाचात सुमारे एक अनुसूचित जातीचा. २०११ च्या जनगणनेत आपण देशात सहात एक होतो. तुरुंगात आपलं प्रमाण वाढतं, आणि ज्या खुर्च्यांवरून तुरुंगात पाठवतात तिथं घटतं. हे दोन्ही एकाच गोष्टीचे पैलू आहेत.

आता समजा, व्हायचं ते झालं. पोरगं आत आहे. काय करायचं? इथं वही काढा, लिहून घ्या.

अटकेची कारणं सांगितलीच पाहिजेत, संविधानाचं कलम २२. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्याच गुन्ह्यांत ही कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत. मराठीत मागा. नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे. चौकशीत वकिलाला भेटता येतं. हे डी. के. बसू खटल्यानं १९९६ साली पक्कं केलं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायलाच पाहिजे असं नाही. अर्णेशकुमार खटला, २०१४. बटण आणि ओठ, दोन्ही यात येतात. अटक का गरजेची ते पोलिसांनी लिहून ठेवायला हवं, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं. वकिलानं पहिल्याच दिवशी हे मांडलं पाहिजे. दाताला मात्र हा आधार नाही.

डॉक्टरी तपासणी. डॉक्टर दारूचा वास लिहितो. त्याला पाठीवरचे वळही लिहायला सांगा. तळपाय दाखवा. त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळण्याचा हक्क आहे, सुरक्षा संहितेचं कलम ५३. आणि कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतो, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ बाजूला तोच हवालदार उभा असतो. पोरगं म्हणतं, ‘नाही साहेब.’ या दोन शब्दांनी मागच्या चोवीस तासांतली मारहाण कागदावरून पुसली जाते. मारलं असेल तर तिथंच सांगायचं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण मागायचं. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानं ठाण्यात कॅमेरे आणि त्यांचं चित्रण जपून ठेवणं सक्तीचं केलंय. अर्ज लगेच करा, चित्रण कायमचं राहत नाही.

जात काढून शिवी दिली, लोकांच्या देखत दिली, तर ॲट्रॉसिटीची वेगळी फिर्याद. ठाण्यात घेत नसतील तर एसपीकडं लेखी, तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. आपल्या पोरानं हात उचलला म्हणून त्याच्यावर झालेला अत्याचार माफ होत नाही. दोन गुन्हे दोन कागदांवर जातात. एकानं दुसरा धुतला जात नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. कोठडीतल्या माणसालाही मिळतो. हा हक्क आहे, भीक नव्हे. प्रत्येक तालुका कोर्टात ती समिती असते. फोन १५१००. पोरगं २१ च्या आतलं असेल तर १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, त्याला तुरुंगात न घालता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं का हे कोर्टाला बघावंच लागतं. साठ दिवसांत चार्जशीट आली नाही तर १३२ मध्ये जामीन हक्कानं. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं, सुरक्षा संहितेचं कलम ४७९. १३२ ला तो काळ आठ महिने होतो. आठ महिने. एका बटणाला.

दोस्तांनो, आता शेवटचं, आणि हे कलमात नाही.

काही जण म्हणतील, हा तर पोलिसांचीच बाजू सांगतोय. यानं आमचे दात काढले. नाही बाबांनो. परभणी विसरलात? १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पोरं रस्त्यावर आली, धरपकड झाली, आणि कायद्याचं शिक्षण घेणारा आपला एक तरुण १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मेला. त्याच्या आईनं काय केलं? ती औरंगाबाद खंडपीठात गेली. कागद घेऊन उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टानं पोलिसांवर गुन्हा दाखल करायला सांगितला, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात तो हुकूम कायम ठेवला. गुन्हा दाखल होणं म्हणजे न्याय झाला असं नाही. लढाई लांब आहे. पण त्या माउलीच्या हातात दगड नव्हता, डोक्यात नशा नव्हती. तिच्या हाती पोस्टमार्टेमचा अहवाल होता. खाकीला कशाची भीती वाटते ते यातून शिका. प्यालेल्या पोराच्या ठोशाची तिला भीती नाही. त्या ठोशाची ती वाटच बघत असते, कारण तो आला की तिचा कागद आपोआप पूर्ण होतो.

आणि समोर उभा असतो तो कोण? बारा-चौदा तास बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई. शेतमजुराच्या, भूमिहीनाच्या, कधी आपल्याच घरातला. ज्यानं हुकूम सोडला तो गाडीत काचा लावून बसलाय. गरिबाचा ठोसा गरिबाच्या तोंडावर बसतो आणि गुत्त्याचा मालक दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो. सरकार बाटलीवर कर घेतं, बाटली प्यालेल्यावर खटला घालतं. एका हातानं पाजायचं, दुसऱ्यानं धरायचं. ही व्यवस्था आहे, आणि आपण तिचं रोजचं गिऱ्हाईक आहोत.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती त्यांनी सोवळेपणापायी घातली नाही. शुद्ध हरपलेला माणूस कुणाचाही गुलाम होतो, हे त्या बॅरिस्टराला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या फोटोसमोर पिऊन नाचायचं, आणि मग त्यांच्याच संविधानातलं कलम २२ शोधत कोर्टात फिरायचं, यात काही ताळमेळ आहे का?

म्हणून तीन कामं सांगतो. पहिलं, येत्या जयंतीला प्रत्येक मंडळानं पाच स्वयंसेवक नेमावेत, न प्यालेले. पोलिसांशी बोलायचं ते फक्त या पाचांनी. कुणी प्यालेला पुढं सरकला तर त्याला त्याच्याच दोस्तांनी उचलून घरी न्यायचं. दुसरं, प्रत्येक वस्तीत एका भिंतीवर तालुक्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता, १५१०० हा नंबर आणि अटकेतले हक्क मोठ्या अक्षरात रंगवायचे. तिसरं, वस्तीतल्या बायांना आडव्या बाटलीच्या मतदानाला साथ द्यायची. त्या मतदानाला उभ्या राहतात तेव्हा आपण कट्ट्यावर बसून हसू नये.

आपल्याला लढायचंय. खाकीशी, खादीशी, जातीशी, सगळ्यांशी लढायचंय. लढाईत तुरुंग आला तर जाऊ. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात डोकी फुटली, काळाराम मंदिरापुढं लोक तुरुंगात गेले. पण ते ताठ उभे राहून, आपण कशासाठी जातोय हे माहीत असताना गेले. एका बटणासाठी, तेही काय केलं ते न आठवता, आत जाणं म्हणजे लढा नव्हे.

हात शाबूत ठेवा. डोकं त्याहून शाबूत ठेवा. दोन्हींची गरज पडणार आहे.

जयभीम.